एकच नाव, अनेक झाडे : प्रोपोलिसची ओळख कशी पटते?

मधमाशी म्हटले की आपल्याला मध आठवतो, फार तर मेण. पोळ्यातली तिसरी वस्तू मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मधपेटीचे झाकण उघडायला गेलो की ते घट्ट चिकटलेले असते, चौकटी लोखंडी पट्टीने उचकटाव्या लागतात आणि बोटांना तपकिरी, चिवट, उग्र वासाचे काहीतरी लागते. उन्हात ते मऊ होते, थंडीत ठिसूळ होऊन तडकते. हेच प्रोपोलिस. हा शब्द ग्रीक आहे. 'प्रो' म्हणजे समोर आणि 'पोलिस' म्हणजे नगर. पोळ्याच्या वेशीवर मधमाश्या ते लिंपतात, म्हणून हे नाव.

मी रसायनशास्त्र शिकवतो. अलीकडे मुलांना भेटायला येणारे काही पालक प्रोपोलिसची बाटली किंवा घशात मारायचा फवारा दाखवून विचारतात, "सर, हे चांगले असते ना?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हे कोणत्या झाडाचे आहे? बाटलीवर ते बहुधा लिहिलेले नसते. ते शोधून काढण्याची रीत रसायनशास्त्राकडे आहे. ती रीत कॅडेट मित्रांना आणि पालकांना सांगावी, यासाठी हा लेख.

मधमाशी काय आणते?

मेण मधमाशी स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते. प्रोपोलिसमधली राळ मात्र ती तयार करत नाही, झाडावरून आणते. कोवळ्या कळ्यांचे कीड आणि बुरशीपासून रक्षण व्हावे म्हणून अनेक झाडे त्यांवर चिकट राळ पाझरतात. खोडाला जखम झाली तरी तेथे राळ येते. कामकरी माशी ही राळ जबड्याने खरवडते आणि मागच्या पायांवर, पराग ठेवण्याच्या जागी, तिचे गोळे बसवते. पोळ्यात परतल्यावर दुसऱ्या माश्या ते चिकट ओझे ओढून उतरवतात. मग त्यात मेण मिसळून ते फटींमध्ये भरले जाते. साधारण प्रमाण सांगायचे तर निम्मी राळ, तीस टक्क्यांच्या आसपास मेण, दहा टक्के सुगंधी तेले आणि थोडे परागकण.

या मिश्रणाने मधमाश्या भेगा बुजवतात, दार लहान करतात. पोळ्यात शिरलेला उंदीर मेला आणि तो बाहेर ओढणे जमले नाही, तर त्याच्यावरही प्रोपोलिसचा थर चढवतात, म्हणजे तो सडून रोग पसरत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी काही पेट्यांना आतून राळेचा अर्क लावून पाहिला. अशा पेट्यांतल्या माश्यांच्या शरीरातील रोगप्रतिकाराची यंत्रणा इतर माश्यांच्या मानाने कमी राबत होती. भिंतीच जंतूंना आवरत असतील तर आतल्या शिपायाला सतत सज्ज राहावे लागत नाही, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या सगळ्याच माश्या सारखे प्रोपोलिस गोळा करत नाहीत. सातेरी माशी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. फुलोरी माशी आपले पोळे ज्या फांदीवर टांगते, त्या फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट राळेचे पट्टे ओढते, म्हणजे मुंग्यांना वाट राहत नाही. डंख नसलेली पोयाची माशी तर राळ आणि मेण एकत्र करूनच घर बांधते. पेट्यांमधून प्रोपोलिस काढले जाते ते मुख्यतः युरोपीय मेलिफेरा माशीचे. ही माशी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कांगड्यातील नगरोटा बगवां येथे आपल्या देशात स्थिरावली.

झाड बदलले की वस्तू बदलते

मध कोणत्याही फुलाचा असला तरी मुख्यतः साखर आणि पाणीच असतो. प्रोपोलिसचे तसे नाही. झाड बदलले की त्यातली महत्त्वाची रसायने मुळापासून बदलतात.

युरोपात मधमाश्या प्रामुख्याने पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरून राळ आणतात. त्यात पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलँजिन अशी फ्लेव्होनॉइड गटातली संयुगे असतात. न्यूझीलंड युरोपपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तरी तिथले प्रोपोलिस याच जातीचे निघते, कारण तिथे पॉप्लर बाहेरून नेऊन लावले गेले. देशाच्या नावापेक्षा पेटीभोवतीच्या झाडांवर सारे अवलंबून असते, हे यावरून दिसते.

ब्राझीलच्या आग्नेय भागातले प्रोपोलिस हिरवे असते. तिथे मधमाश्या बॅकॅरिस नावाच्या रानटी झुडपाचे कोवळे शेंडे कुरतडून आणतात. त्यात आर्टेपिलिन सी हे संयुग भरपूर असते. युरोपीय प्रोपोलिसची ओळख सांगणारी फ्लेव्होनॉइडे इथे मुख्य नसतात. क्युबात क्लुसिया नावाच्या झाडाच्या फुलांतली राळ मधमाश्यांना आवडते, तिच्यात नेमोरोसोन हे तिसऱ्याच गटातले संयुग असते. ओकिनावा आणि तैवान बेटांवर मॅकॅरँगा हे झाड आहे, तर थायलंड-इंडोनेशियाच्या काही भागांत चक्क आंब्याची राळ.

आता अडचण लक्षात येईल. यांपैकी एका प्रोपोलिसवर प्रयोग झाला आणि काही गुण आढळला, तर तो दुसऱ्यात असेलच असे म्हणता येत नाही. 'प्रोपोलिसने अमुक होते' हे वाक्य 'पाल्याने अमुक होते' या वाक्याइतकेच मोघम आहे. कोणता पाला? बल्गेरियातील रसायनशास्त्रज्ञ वास्या बान्कोव्हा यांनी २००५ साली हाच मुद्दा ठामपणे मांडला : प्रोपोलिसची प्रतवारी करायची तर आधी त्याचा रासायनिक प्रकार, म्हणजे पर्यायाने झाड, ठरवावे लागेल.

तीन बेअरिंग

नकाशावाचनाच्या तासाला तुम्ही रिसेक्शन शिकता. एका ठळक खुणेचे बेअरिंग घेतले की नकाशावर एक रेषा मिळते. आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत एवढेच कळते. दुसऱ्या खुणेचे बेअरिंग घेतले की रेषा छेदतात आणि बिंदू मिळतो. तिसरे बेअरिंग तो बिंदू बरोबर आहे का, हे तपासते. प्रोपोलिसचे झाड ठरवण्याची रीत अगदी अशीच आहे.

पहिले बेअरिंग निरीक्षणाचे. मधमाशी कोणत्या झाडावर राळ खरवडते आहे, हे डोळ्यांनी पाहायचे. ऐकायला सोपे, करायला अवघड. वसाहतीतल्या हजारो माश्यांपैकी फार थोड्या माश्या हे काम करतात, ते बहुधा ऊन तापल्यावर, आणि कळ्या असतात उंच शेंड्यावर. म्हणून उलटी युक्तीही वापरतात. राळ घेऊन परतणारी माशी दारातच पकडायची आणि तिच्या पायावरचा गोळा तपासायचा. २०१३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने असे एकेका माशीच्या पायावरचे गोळे तपासले. एका फेरीत एक माशी एकाच प्रकारच्या झाडाची राळ आणते, सरमिसळ करत नाही, असे त्यांना दिसले.

प्रोपोलिसमधले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाड ओळखता येईल, असे कुणालाही वाटेल. पण परागकण वाऱ्याने येऊन चिकटतात किंवा माश्यांच्या अंगावरून पडतात. त्यांवरून परिसर कोणता, आसपास काय फुलले होते, हे कळते. राळ कोणाची, हे त्यावरून नक्की सांगता येत नाही.

दुसरे बेअरिंग रसायनाचे. प्रोपोलिसचा तुकडा गोठवून ठिसूळ करतात, कुटतात आणि सुमारे ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवतात. राळ विरघळते. अर्क थंड केला की त्यात उतरलेले मेण साखळते, ते गाळून टाकतात. उरलेला अर्क क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात सोडतात. तेथे बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून द्रावण दाबाने पुढे ढकलले जाते. प्रत्येक संयुग त्या भुकटीला कमी-अधिक चिकटते, त्यामुळे कुणी लवकर बाहेर पडते, कुणी उशिरा. प्रत्येकाच्या वेळेला आलेखावर एक शिखर उमटते. शिखरांची ही रांग म्हणजे त्या नमुन्याच्या बोटांचा ठसा. मग पेटीच्या आसपासच्या संशयित झाडांच्या कळ्या आणि राळ आणून त्यांवरही हीच प्रक्रिया करतात आणि ठसे ताडून पाहतात. मधमाशी राळेत फारसा रासायनिक बदल करत नाही, म्हणूनच ही तुलना शक्य होते.

शिखर कोणत्या संयुगाचे, हे ठरवायला मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे वस्तुमान सांगतो. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. पॉप्लरच्या कळीतले क्रायसिन आणि सोयाबीनसारख्या शेंगावर्गीय वनस्पतींतले डेडझीन यांचे रेणुसूत्र तंतोतंत एकच आहे : कार्बन १५, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ४. दोघांचे वस्तुमान २५४. फरक असतो तो अणूंच्या मांडणीत. गणवेश सारखा दिसला म्हणून गेटवरचा संतरी कुणालाही आत सोडत नाही, ओळखपत्र मागतो. तसेच इथे शिखराची वेळ, रेणू फोडल्यावर होणारे तुकडे आणि गरज पडल्यास एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंची मांडणी वाचण्याची पद्धत, हे सगळे जुळावे लागते. शिवाय एकटे संयुग पुरत नाही, कारण तेच संयुग अनेक झाडांत असू शकते. पूर्ण ठसा जुळला पाहिजे.

तिसरे बेअरिंग भूगोलाचे. ते झाड पेटीपासून माशीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण दोन-तीन किलोमीटरांत आहे का? ज्या महिन्यात प्रोपोलिस जमले, त्या महिन्यात त्यावर राळ होती का? प्रयोगशाळेत सगळे जुळले पण त्या परिसरात झाडच नाही, तर निष्कर्ष मागे घ्यावा लागतो.

लाल प्रोपोलिसचा माग

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे आहे. तिथल्या खारफुटीच्या कडेला ठेवलेल्या पेट्यांतून रक्तासारखे लाल प्रोपोलिस निघते. कँपिनास येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राझीलच्या प्रोपोलिसचे आधी बारा प्रकार केले होते. हे लाल प्रोपोलिस त्यांपैकी कशातच बसेना, म्हणून तो तेरावा प्रकार ठरला.

मग शोध सुरू झाला. किनाऱ्यावर डॅल्बर्जिया एकॅस्टॅफिलम नावाचे झुडूप आहे. किड्यांनी त्याच्या खोडाला भोके पाडली की तांबडा चीक पाझरतो आणि मधमाश्या तो गोळा करताना दिसतात. हे पहिले बेअरिंग. २००७-०८च्या सुमारास या चिकाचे आणि लाल प्रोपोलिसचे ठसे ताडून पाहिले गेले. फॉर्मोनोनेटिन, मेडिकार्पिन, व्हेस्टिटॉल ही आयसोफ्लेव्होनॉइड गटातली आणि त्यांच्या नात्यातली संयुगे दोन्हीकडे सापडली. झुडूप किनाऱ्यावर मुबलक, म्हणजे भूगोलही जुळला. २०१२ साली आलागोआस राज्यातल्या या प्रोपोलिसला ब्राझीलमध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गोष्ट इथे संपली असती. पण ठशात काही शिखरे उरत होती. लाल प्रोपोलिसच्या अनेक नमुन्यांत ग्युटिफेरोन ई सारखी बेन्झोफेनोन गटातली संयुगे होती आणि डॅल्बर्जियाच्या चिकात ती नव्हती. निष्कर्ष सोयीचा होता, बाजारही उभा राहिला होता. तरी न जुळणाऱ्या शिखरांकडे काणाडोळा न करता संशोधक पुन्हा रानात गेले. २०२० साली उत्तर प्रसिद्ध झाले. त्याच परिसरातल्या सिम्फोनिया ग्लोब्युलिफेरा या वृक्षाची राळही मधमाश्या आणतात आणि बेन्झोफेनोन तिच्यातून येतात. लाल प्रोपोलिसचे झाड एक नव्हते, दोन होती. पहिला निष्कर्ष खोटा ठरला नाही, पण अपुरा ठरला.

या दोन्ही झाडांचे सगेसोयरे आपल्याकडे आहेत. डॅल्बर्जिया म्हणजे आपल्या शिसवाची आणि उत्तरेतल्या शीशमची प्रजाती. सिम्फोनिया हा कोकमाच्या कुळातला वृक्ष. कोकमाच्या सालीतले गार्सिनॉल आणि सिम्फोनियातले ग्युटिफेरोन ई यांची रासायनिक रचना अगदी जवळची आहे.

आपल्या देशात

नेपाळमधल्या प्रोपोलिसमध्ये २००५ साली निओफ्लेव्होनॉइड संयुगे आढळली आणि संशयाची सुई डॅल्बर्जिया प्रजातीकडे वळली. शीशम हिमालयाच्या पायथ्याशी सर्वत्र आहे, तेव्हा तराईतल्या आपल्या पेट्यांतही तीच राळ येत असेल का, असा प्रश्न साहजिकच पडतो. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेताच्या बांधांवर पॉप्लरच्या रांगा आहेत. तिथे कदाचित युरोपसारखे प्रोपोलिस मिळेल. दक्षिणेत आंबा. हे सारे अंदाज आहेत. जागोजागचे नमुने आणि जागोजागची झाडे ताडून पाहिल्याखेरीज ते खरे मानता येणार नाहीत.

आपल्याकडे एक वेगळा पेचही आहे. उत्तरेतले मधपाळ पेट्या ट्रकवर घालून फिरतात. थंडीत मोहरीसाठी राजस्थान, मग लिचीसाठी मुझफ्फरपूर. अशा पेटीतल्या प्रोपोलिसमध्ये कित्येक जिल्ह्यांची झाडे एकावर एक साठलेली असतात. वर्षाअखेरीस खरवडलेल्या नमुन्यावरून कोणते झाड कुठले, हे उलगडणे कठीण. म्हणून मुक्काम हलवताना प्रत्येक ठिकाणचे प्रोपोलिस वेगळे काढून, तारीख आणि गाव लिहून ठेवणे फार मोलाचे ठरते. राळ मिळाली नाही तर मधमाश्या रंग किंवा डांबरही आणतात, हेही विसरू नये. तेही तपासणीतच कळते.

पालकांसाठी

आता त्या बाटलीकडे येऊ. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध म्हणून घ्यावे की नाही, हे शाळेच्या डॉक्टरांनाच विचारावे. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून दोन गोष्टी सांगू शकतो. पहिली : बाटलीवर झाडाचे किंवा प्रमुख संयुगांचे नाव नसेल, तर जाहिरातीत सांगितलेला प्रयोग त्याच वस्तूवर झाला होता, असे मानायला आधार नाही. दुसरी : पॉप्लरच्या प्रोपोलिसमधल्या कॅफिक आम्लापासून बनलेल्या काही संयुगांनी काही लोकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. मुलाला दमा असेल, मधमाशीच्या पदार्थांची किंवा इतर कशाची ॲलर्जी असेल, तर न विचारता हे त्याच्या ट्रंकेत ठेवू नये. झाड माहीत असणे हे धोका ओळखण्यासाठीही लागते.

कॅडेट मित्रांसाठी

बारावीच्या प्रात्यक्षिकात तुम्ही उदासीन फेरिक क्लोराइडची चाचणी करता. प्रोपोलिसच्या अर्कात त्याचे थेंब टाकले की रंग गडद होतो. अर्कात फिनॉल गट आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. झाड कळत नाही. ते पहिल्या बेअरिंगचेही काम करत नाही, फार तर दिशा दाखवते. त्यापुढे जायचे असेल तर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी शाळेच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर एका ओळीत ठिपके द्यायचे : एक प्रोपोलिसच्या अर्काचा, बाकीचे आवारातल्या शीशम, आंबा, पॉप्लर अशा झाडांच्या राळेच्या किंवा कळ्यांच्या अर्काचे. पट्टी द्रावकात उभी करायची आणि वाळल्यावर अतिनील दिव्याखाली ठिपक्यांची उंची आणि रंग ताडून पाहायचे. अल्कोहोल आणि इतर द्रावक पेट घेतात, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. पेटी तर जाणत्या मधपाळाशिवाय उघडूच नये.

वहीत तीन रकाने आखा : काय पाहिले, काय जुळले, काय जुळले नाही. पहिले दोन भरायला सगळ्यांना आवडते. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणारा विद्यार्थी पुढे काहीतरी शोधून काढतो. लाल प्रोपोलिसचे दुसरे झाड ज्यांना सापडले, त्यांची सुरुवात याच रकान्यापासून झाली होती. पुढे तुमच्यापैकी कुणी टेहळणीचा अहवाल लिहील, कुणी रुग्णाचे निदान करील, कुणी प्रयोगशाळेत बसेल. प्रत्येक ठिकाणी नावावर विसंबू नका, पुरावा मागा, आणि जे जुळत नाही ते खोडून न टाकता लिहून ठेवा.